मे महिन्यात कुंपणाचा निकाल लावू नका, ताई

पत्र थोडक्यात: दक्षिण नागपूरच्या एका लेआउटमधून एका ताईंनी लिहिलंय. घर सासऱ्यांनी १९९७ मध्ये बांधलं. मागे मोठी सांदवाडी, म्हणजे परसबाग, तिला तीन बाजूंनी तारेच्या जाळीचं कुंपण, एकूण २२ खांब, काही सागवानाचे, काही नंतर बसवलेले लोखंडी अँगल. सासरे, ज्यांना ताई मामाजी म्हणतात, आता ८१ वर्षांचे आहेत. दर उन्हाळ्यात ते स्वतः तार ओढून घेतात आणि लाकडी खांबांच्या बुडाला गाडीचं जळकं ऑइल लावतात, यंदा गुडघ्यामुळे जमलं नाही. मागच्या पावसाळ्यात डुकरं शिरली आणि हळदीचा अख्खा वाफा उकरून गेली. मागच्या प्लॉटवर नवीन घर होऊन राहिलंय, तो शेजारी म्हणतो अर्धा-अर्धा खर्च करू आणि पक्की भिंत घालू. त्याच्या ठेकेदाराने येऊन खांब हलवून पाहिले आणि "सगळे गेले, पावसाळ्याआधी उरकून टाका" म्हणाला. मामाजी म्हणतात अजून दहा वर्षं काही होत नाही. नवऱ्याची नोकरी चंद्रपूरला, ते रविवारपुरते येतात आणि म्हणतात तूच ठरव. ताईंचा प्रश्न असा, की कुंपण बदलायची वेळ आली हे ओळखायचं कसं, आणि मामाजींना न दुखावता हे करायचं कसं.

ताई,

पत्र वाचताना माझं लक्ष सगळ्यात आधी तारखेकडे गेलं. ठेकेदार खांब हलवून पाहायला आला कधी, तर मे मध्ये. अहो, मे मध्ये नागपुरात कोणाच्याही सांदवाडीतला खांब हलवा, तो हलणारच. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, आणि आपला उन्हाळा म्हणजे कसा, २०१३ च्या मे मध्ये तर पारा ४७.९ वर गेला होता, अशा उन्हात मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच माती खांबापासूनही सुटते, चारी बाजूंनी बोट-बोट फट पडते, आणि मग चांगला ठणठणीत खांबसुद्धा हलत्या दातासारखा डुलतो. त्यात खांबाचा काही दोष नाही. पाऊस पडून माती भरली की तोच खांब जुलैमध्ये घट्ट होऊन बसतो.

म्हणून "हलतो म्हणजे गेला" हे तुम्ही ठेकेदाराचं ऐकून जे धरून बसला आहात ना, ते आधी सोडा. तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही. पण त्याला काम हवंय आणि मे मध्ये सगळेच खांब त्याच्या बाजूने साक्ष देतात.

खांब खरंच गेला की नाही हे त्याच्या बुडाशी बसूनच कळतं. लाकूड वर उन्हात लवकर सडत नाही, खोल जमिनीत हवा कमी म्हणून तिथेही हळूहळूच सडतं. जिथे माती आणि हवा भेटते तो वीतभर पट्टा, ओल आणि हवा दोन्ही तिथेच मिळते, लाकूड तिथेच कुजतं आणि उधई पण बहुतेक तिथूनच चढते. त्यामुळे वरून राखाडी पडलेला, भेगाळलेला, अगदी गरीब दिसणारा सागवानाचा खांब आतून पक्का असू शकतो आणि रंग मारलेला चकचकीत खांब बुडाशी पोकळ असू शकतो. दिसण्यावर जाऊच नका.

एक जाड पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर घ्या, खुरप्याने खांबाभोवतीची माती चार बोटं खोल बाजूला करा आणि त्या पट्ट्यात चारी बाजूंनी जोर देऊन टोचा. सागवानाचा बाहेरचा पांढरट थर कच्चा असतो, तो आधी जातो, तेवढा भुसभुशीत लागला तर घाबरू नका. आतला तपकिरी गाभा महत्त्वाचा. पेचकस गाभ्याला जाऊन टणकन थांबला तर खांबात जीव आहे, अर्धा-पाऊण इंच लोण्यासारखा आत गेला तर तो खांब संपला. शिवाय हातोडीने ठोकून आवाज ऐका, भरीव आणि पोकळ आवाजातला फरक एकदा दोन खांब ठोकले की कानाला आपोआप कळतो. अँगलचंही तसंच आहे, तो काँक्रीटमधून जिथे बाहेर निघतो तिथे पाणी साचतं आणि तिथेच गंज खातो, तिथली पापुद्री खरवडून पाहा की खाली किती लोखंड उरलंय. ज्यांच्याकडे सिमेंटचे खांब आहेत त्यांनी उभी चीर शोधावी, कारण आतली सळई गंजली की गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि सिमेंटला आतून फाडतो, अशा चिरेवर वरून सिमेंट लिंपून काही होत नाही.

ही टोचाटोची तुम्ही आत्ताही करू शकता, पेचकसाला ऋतू लागत नाही. पण हलवून पाहायची परीक्षा ऑक्टोबरच्या शेवटी घ्या, पाऊस गेलेला, माती ओलसर पण बसलेली. तेव्हाही जो खांब हलेल तो खरंच हलतोय.

आता डुकरांचं. तुमच्या पत्रात मला वाटतं इथेच खरी गफलत आहे. तुम्ही लिहिलंय, डुकरं शिरली म्हणजे आता कुंपणात दम उरला नाही. पण डुक्कर काही खांब पाडून येत नाही आणि उडी मारूनही येत नाही. ते खालून येतं, नाकाने माती उकरतं, जाळीखाली मान घालतं आणि जाळी वर उचलतं. उद्या तुम्ही कोरी करकरीत जाळी लावली आणि खालची कडा अशीच मोकळी सोडली तर नवीन कुंपणातूनही डुक्कर येईल, आणि मग तुम्हाला दुप्पट वाईट वाटेल. डुकराचा उपाय कुंपणाच्या पायाशी आहे, खाली एक जाड तार ताणून जाळी तिला बांधून घ्यायची, किंवा जाळीची कडा वीतभर जमिनीत गाडायची, किंवा सरळ बुडाशी मोठ्या दगडांची रांग लावायची. दगडांची रांग तर या आठवड्यात होईल. आणि हो, डुकरांसाठी तारेत करंट सोडा असं सांगणारा कोणीतरी भेटतोच, त्याला दारातूनच परत पाठवा, विदर्भात अशा तारांनी माणसं मेली आहेत आणि लावणाऱ्यावर गुन्हे झाले आहेत.

मग बदलायचं कधी? तुम्ही प्रश्न असा मांडलाय की एकतर सगळं ठेवायचं नाहीतर सगळं काढायचं. असं काहून? कुंपण एका दिवसात म्हातारं होत नाही, तुमच्याकडे तर वेगवेगळ्या वर्षी बसवलेले खांब आहेत, त्यांची वयंच वेगळी. २२ खांब तपासा. चार-पाच गेले असतील आणि तेही इकडेतिकडे विखुरलेले, तर तेवढे बदला, बाकीचे राहू द्या. सलग तीन-चार गेले असतील तर ती बाजू नवीन करा, कारण सलग खांब गेले की मधली जाळी कशाला धरून राहणार. निम्म्याच्या आसपास गेले असतील तर मात्र डागडुजीत पैसा घालू नका, तेव्हा पूर्ण बदलणंच स्वस्त पडतं, मजुरी, गाडी, गिट्टी-रेती सगळं एकदाच लागतं. जाळी वेगळी तपासा, हातात धरून वाकवली की तुटली तर गेली, नुसती तांबूस दिसते तर अजून काही वर्षं काढेल.

काही गोष्टींना मात्र ऑक्टोबरची वाट पाहायची नाही. खांब गल्लीच्या बाजूला कलला असेल आणि तिथून पोरं जात असतील, किंवा तारेची गंजकी टोकं लहान मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर बाहेर आली असतील, तर ते आजच. टोकं पक्कडीने आत वळवा, कललेल्या खांबाला लाकडाचा टेका द्या. बुडाशी कुजलेल्या खांबाला खेटून एक अँगल ठोकून दोन्ही तारेने आवळून बांधले तर एक पावसाळा आरामात निघतो. माझ्या मते यंदा तुम्ही एवढंच करा.

पक्क्या भिंतीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय कारण हे माझ्या आईच्या घरी झालेलं आहे. तिथेही जुनं तारेचं कुंपण होतं, तिथेही ठेकेदार मे मध्येच आला होता, तिथेही "पावसाळ्याआधी" हाच शब्द होता. पंधरा दिवसांत भिंत उभी राहिली, सुंदर दिसायची, आईने तिच्यासमोर उभं राहून फोटो काढला होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिला जिन्यासारखी तिरपी चीर गेली, विटेच्या सांध्या-सांध्यातून, आणि चौथ्या वर्षी एक तुकडा बाहेर झुकला. पाया दीड फूट होता. काळ्या मातीत दीड फुटाचा पाया म्हणजे भिंत मातीबरोबर दरवर्षी वर-खाली होणार, जाळी ते सहन करते, वीट करत नाही. आईला त्या भिंतीचं एवढं वाईट वाटलं की ती मागच्या अंगणात जायचीच कमी झाली, ते मला अजून लागतं.

म्हणून भिंतच हवी असेल तर शेजाऱ्याच्या ठेकेदाराला पहिला प्रश्न हाच, पाया किती खोल, मुरूम लागेपर्यंत खोदणार का, खाली बीम टाकणार का. तो "ताई, कंपाउंडला एवढं लागत नाही" म्हणाला तर समजून जा. दुसरा प्रश्न पाण्याचा. तुम्ही लिहिलंय मागच्या बाजूला उतार आहे आणि पावसाचं पाणी कुंपणातून नाल्याकडे जातं. २३ सप्टेंबर २०२३ ची ती पहाट आठवा, काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये घराघरात पाणी शिरलं. तुमचा लेआउट तिथून लांब आहे हे मला समजतं, पण जाळीतून पाणी निघून जातं आणि सलग भिंतीपाशी ते अडतं हे कुठल्याही लेआउटमध्ये तेवढंच खरं आहे. भिंत घातली तर बुडाशी पाणी जायला भोकं हवीतच, आणि ती साफ ठेवायचं काम पुढे तुमच्याकडे.

आणि कोपऱ्यातला कडुनिंब, ज्याने खोडात तार गिळून टाकली आहे असं तुम्ही लिहिलंय, तो भिंतीच्या रेषेत येतो म्हणून ठेकेदार तोडायला सांगतोय. तसा तोडता येत नाही. शहरातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे, झाड तुमच्या अंगणातलं असलं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. जाळीचं कुंपण झाडाच्या अलीकडे-पलीकडे खांब रोवून सहज वळवता येतं, भिंतीच्या पायाला मुळं आडवी येणारच. मी तर म्हणेन तो कडुनिंबच तुमच्या कुंपणातला सगळ्यात पक्का खांब आहे, त्याला हात लावू नका. फक्त गिळलेली तार ओढून काढायला जाऊ नका, दोन्ही बाजूंनी कापा आणि आतली आत राहू द्या.

भिंत आणि जाळी यांच्या मधलं एक म्हणजे खाचेच्या सिमेंट खांबात सरकवलेल्या तयार पाट्या, आजकाल बेसा, हुडकेश्वर भागात रिकाम्या प्लॉटला सगळीकडे दिसतात त्या. काळ्या मातीत तेही खांब कलतात, पण पाट्या काढून खांब सरळ करून परत बसवता येतात, विटेचं तसं नाही. पाण्याचा प्रश्न मात्र त्यातही तोच.

शेजारी अर्धा खर्च देतो हे चांगलंच आहे, पण अर्ध्या खर्चाच्या आनंदात हद्द विसरू नका. १९९७ मध्ये मामाजींनी खांब रोवले तेव्हा मोजणी करून रोवले होते की दोरी धरून? तेव्हा आजूबाजूला मोकळे प्लॉट होते, बहुतेकांनी अंदाजानेच रोवले. तारेचं कुंपण फूटभर इकडेतिकडे असलं तर कोणी काही म्हणत नाही, पक्की भिंत झाली की तीच हद्द होऊन बसते आणि भांडण पोरांच्या वाट्याला जातं. घराचं आरएल, म्हणजे सुधार प्रन्यासचं प्लॉटबद्दलचं पत्र, आणि लेआउटचा मंजूर नकाशा काढा, आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड असेल तर तीही, आणि नगर भूमापनकडे मोजणीचा अर्ज द्या, शेजाऱ्यालाही सोबत घ्या म्हणजे त्यालाही शंका राहणार नाही. मोजणीला वेळ लागतो, हे "पावसाळ्याआधी" होणारच नाही, आणि घाई न करायचं हे तुमच्याकडे सांगायला सगळ्यात साधं कारण आहे, त्याला राग यायचंही काही कारण नाही. जुनं कुंपण काढायच्या आधी प्रत्येक खांबाचा फोटो काढून ठेवा, मागे घराचा कोपरा दिसेल असा. इतकी वर्षं रेषा कुठे होती याचा तोच पुरावा. खर्च कोणाचा किती, भिंत हद्दीच्या मधोमध की कोणाच्या आत, पुढे दुरुस्ती कोणाची, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. संबंध चांगले आहेत तेव्हाच हे लिहून होतं.

आता मामाजी.

तुम्ही त्यांना "हट्टी" लिहिलंय, एकदा नाही, तीनदा. मी तुम्हाला दोष देत नाही, घर, नोकरी आणि त्यांचा गुडघा हे सगळं तुमच्या एकटीच्या अंगावर आहे. पण जरा असं पाहा, की अठ्ठावीस वर्षं दर उन्हाळ्यात तो माणूस पक्कड आणि ऑइलचा डबा घेऊन मागे गेला. यंदा जाता आलं नाही. आणि नेमक्या त्याच वर्षी घरात चर्चा सुरू झाली की हे सगळं काढून टाकू. त्यांना यात कुंपण नाही हो ऐकू येत, दुसरंच काही ऐकू येतं. म्हणून "मामाजींना कसं सांगू" असं विचारूच नका, त्यांना विचारायला जा. कोणता खांब कोणत्या वर्षीचा हे तुमच्या घरात फक्त त्यांना माहीत आहे. लेआउट पडला तेव्हा कोपऱ्यावर हद्दीचे दगड किंवा सिमेंटचे खुंट गाडलेले असतात, ते आता मातीखाली गेले असतील, ते कुठे होते हेही त्यांनाच माहीत असणार, आणि मोजणीवाले आले की सगळ्यात आधी तेच विचारतील. एका रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, खुर्ची मागे नेऊन टाका, त्यांना बसवा, नवऱ्याच्या हातात पेचकस आणि खुरपं द्या आणि तुम्ही वही घ्या. टोचणार मुलगा, सांगणार मामाजी, लिहिणार तुम्ही. पक्क्या खांबाला खडूने एक रेघ, गेलेल्याला फुली. मला वाटतं ज्या खांबावर त्यांचा स्वतःचा मुलगा त्यांच्या देखत फुली मारेल त्याबद्दल ते वाद घालणार नाहीत, आणि वाद घातला तर त्या एका खांबाबद्दल घालतील, अठ्ठावीस वर्षांबद्दल नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना नीट सांगा, जळकं ऑइल आता बंद. लाकडाला थोडं वाचवतं हे खरं, पण ते मातीत उतरतं आणि तुमचा हळदीचा वाफा खांबांना लागूनच आहे.

आणि काम काढायचं ते केव्हा. मे मध्ये माती दगडासारखी असते, सब्बल मारून मजुराचे हात फुटतात, वर काँक्रीटमधलं पाणी उन्हाने उडून जातं, नीट भिजवलं नाही तर खांबाचं बूड कच्चं राहतं. जुलै-ऑगस्टमध्ये खड्ड्यात पाणी भरतं. दिवाळीनंतर सगळ्यात चांगलं, थंडी, ओलसर माती, मजूरही निवांत. पण तुमच्या बाबतीत मी फेब्रुवारी म्हणेन, त्याचं कारण खाली सांगते. नवीन खांब घेताना जमिनीवर पाच फूट तर आत किमान दोन फूट, आणि मुरूम जवळ लागत असेल तर तिथपर्यंत. खड्डा खाली थोडा रुंद ठेवा म्हणजे माती फुगली तरी खांब वर ढकलला जात नाही. तळाशी गिट्टी टाका, आणि काँक्रीट जमिनीच्या जरा वर आणून त्याला चारी बाजूंनी उतार द्या म्हणजे बुडाशी पाणी थांबणार नाही. जाळी घेताना गेज विचारा आणि लक्षात ठेवा की आकडा वाढला की तार बारीक होते, १० गेजची तार सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास आणि १२ ची त्याहून बरीच पातळ, कोटेशनमध्ये नुसतं "जीआय जाळी" लिहिलं असेल तर गेज लिहून मागा. जुने खांब काढणं आणि मलबा उचलणं रनिंग फुटाच्या भावात धरलंय का तेही.

फेब्रुवारी अशासाठी, की पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, मागच्या बाजूला सासूबाईंनी लावलेला वाल दरवर्षी कुंपणावर चढतो आणि हिवाळाभर शेंगा पुरतात. दिवाळीनंतर जाळी काढली तर तो ऐन बहरात जाईल. यंदाही पहिल्या पावसात तो जुन्या जाळीवरच चढू द्या, दोन-चार शेंगा वेलावरच वाळू द्या, बी काढून राखेत घालून ठेवा, आणि सागवानाचे जे खांब पक्के निघतील त्यातले दोन वालाच्या मांडवासाठी बाजूला काढून ठेवायला मिस्त्रीला आधीच सांगा, नाहीतर तो ते मलब्याबरोबर घेऊन जाईल.